प्रोसेसरच्या बॉक्समध्ये कूलर असायलाच हवा का?

उन्हात बसून मोबाईलवर गेम खेळलात की फोन तापतो आणि गेम अडखळायला लागतो. फोन स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, इतकंच. कॉम्प्युटरचा प्रोसेसरही तेच करतो. फक्त त्याच्यातून उष्णता खूप जास्त निघते, म्हणून त्यावर कूलर (धातूचा हीटसिंक आणि फॅन) बसवावाच लागतो. कूलरशिवाय पीसी सुरू केला तर तो थोड्याच वेळात आपोआप बंद होतो.

पहिला पीसी जोडताना गडबड इथेच होते. बजेट काटेकोर असतं, प्रोसेसर घरी येतो आणि बॉक्समध्ये कूलरच नसतो!

कोणासोबत मिळतो?

इंटेलने २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून आय५-६६००के, आय७-६७००के अशा 'के' मॉडेल्ससोबत कूलर देणं थांबवलं. कोअर आय५-१२४०० च्या बॉक्समध्ये मात्र तो असतो. एएमडीच्या २०२२ मधल्या रायझन ५ ७६००एक्ससोबत कूलर नाही, पण २०२३ मध्ये आलेल्या साध्या ७६०० सोबत आहे. म्हणजे नावातल्या एका अक्षराने खर्च बदलतो.

दोन्ही बाजू

कंपनीचा कूलर त्या सॉकेटवर बरोबर बसतो, थर्मल पेस्ट आधीच लावलेली असते आणि वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. नवख्या माणसासाठी हे सोपं. उलट महागडा प्रोसेसर घेणारे बहुतेक जण मोठा कूलर वेगळा घेतातच. मग बॉक्समधला छोटा कूलर कपाटात पडून राहतो, नाहीतर कचऱ्यात जातो.

मग माझं मत?

६५ वॅटच्या वर्गात कूलर द्यायलाच हवा. त्याच्या वरच्या प्रोसेसरसोबत नसला तरी चालेल, पण ते बॉक्सवर आणि ऑनलाइन पानावर ठळक लिहिलेलं असावं.

अर्थात, मिळालेला कूलर सगळ्यालाच पुरतो असं नाही. १२४०० ची मूळ पॉवर ६५ वॅट असली तरी टर्बोमध्ये ती ११७ वॅटपर्यंत जाऊ शकते. शिवाय कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तासन् तास व्हिडिओ रेंडर करणार असाल, तर मोठा कूलर घ्या. अभ्यास, कोडिंग आणि साध्या गेमिंगला बॉक्समधला पुरेसा आहे.

ऑर्डर करण्याआधी हे बघा

- मॉडेलचं पूर्ण नाव कंपनीच्या साइटवर तपासा. कूलर आहे की नाही, ते तिथे कळतं.
- 'ट्रे' प्रोसेसर स्वस्त दिसतो, पण त्यासोबत बॉक्सही नसतो आणि कूलरही. वॉरंटी कोण देणार, हे दुकानदाराला आधीच विचारा.
- कूलर वेगळा घेताना सॉकेट आणि कॅबिनेटमध्ये मावेल अशी उंची, दोन्ही बघा.

दोन प्रोसेसरच्या किमतींची तुलना करताना कूलरचे पैसे धरूनच करा. स्वस्त वाटणारा कधी कधी शेवटी महाग पडतो.