सशाचा डोळा आणि नेत्ररोपणाचा हिशेब

७ डिसेंबर १९०५ रोजी ऑस्ट्रियन साम्राज्यातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) ओलोमोउत्स या गावी एदुआर्द झिर्म या शल्यचिकित्सकाने चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर शस्त्रक्रिया केली. एका अकरा वर्षांच्या मुलाच्या निकामी झालेल्या डोळ्यातील कॉर्निया, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा, त्याने मजुराच्या दोन्ही डोळ्यांत बसविला. एक कलम फुकट गेले, दुसरे टिकले आणि मजूर पाहू लागला. मानवी नेत्ररोपणाचा यशस्वी इतिहास येथून सुरू होतो. त्यापूर्वी १८३८ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड किसम यांनी डुकराचा कॉर्निया माणसाला लावून पाहिला होता. तो टिकला नाही.

झिर्मनंतरची जवळजवळ चाळीस वर्षे कलम धुरकट झाले की दोष टाक्यांचा, जंतूंचा किंवा रुग्णाच्या नशिबाचा मानला जाई. शरीर स्वतःहून हे कलम परके ठरवून नाकारीत असेल, अशी शंका फारशी कोणी घेतली नाही. याला कारणही होते. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात आणि दुसऱ्या माणसाची त्वचा जितकी हमखास गळून पडते, तितका कॉर्निया नाकारला जात नाही.

ही सवलत म्हणजे काय, याचा उलगडा प्रथम सशांनी केला. युद्धकाळात भाजलेल्या रुग्णांच्या त्वचारोपणावर काम करणारे पीटर मेडावर यांनी १९४८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दात्याच्या त्वचेविरुद्ध आधीच ‘सावध’ केलेल्या सशांच्या डोळ्याच्या पुढील कप्प्यात त्यांनी त्याच दात्याच्या त्वचेचे तुकडे ठेवले. ज्यांत रक्तवाहिन्या शिरल्या नाहीत ते जगले. ज्यांत शिरल्या ते नष्ट झाले. पुढे या सवलतीला प्रतिकारयंत्रणेतील ‘विशेषाधिकार’ असे भारदस्त नाव मिळाले. (शासनात वावरलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ लगेच कळतो: अटी मोडल्या की विशेषाधिकार संपतो.)

त्याच वर्षी फ्रान्समध्ये पोफिक आणि सहकाऱ्यांनी, स्वच्छ कलम काही आठवड्यांनी अचानक धुरकट होणे हा ‘कलमाचा रोग’ असून त्याच्या मुळाशी दात्याच्या पेशींविरुद्धची संवेदनशीलता असावी, असे सुचविले. पुरावा दिला तो १९५१ मध्ये अमेरिकन नेत्रतज्ज्ञ एडवर्ड मॉमनी यांनी. त्यांनी सशाच्या डोळ्यात कॉर्नियाचे कलम केले आणि मग त्याच दात्याची त्वचा त्या सशाच्या अंगावर लावली. डोळ्याला कोणी हातही लावला नव्हता. तरी अनेक सशांची नितळ कलमे धुरकट झाली. म्हणजे डोळा काही स्वतंत्र संस्थान नव्हता. शरीरात अन्यत्र दिलेली वर्दी तेथे पोहोचत होती.

मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते ते मूळचे इराणचे अली खोदादूस्त आणि आर्थर सिल्व्हरस्टाइन यांचे १९६९ चे काम. त्यांनी कॉर्नियाचे थर वेगळे करून सशांत एकेकाचे रोपण केले आणि प्रत्येक थर स्वतंत्रपणे नाकारला जाऊ शकतो हे दाखविले. सर्वांत आतल्या थरावर नष्ट पेशींची एक रेषा कडेपासून पुढे सरकताना दिसे. आजही नेत्रतज्ज्ञ रुग्णाच्या डोळ्यात ती ‘खोदादूस्त रेषा’ शोधतात. हा आतला थर कॉर्नियातील पाणी उपसून तो पारदर्शक ठेवतो. सशात या पेशी पुन्हा वाढतात, माणसात जवळजवळ नाहीच. म्हणून सशाचे धुरकटलेले कलम कधी पुन्हा उजळते. माणसात मात्र उपचाराला झालेला उशीर सहसा भरून निघत नाही.

पुढे १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातील विल्यम्स आणि कॉस्टर यांनी एकाच वाणाच्या उंदरांत (रॅट) आणि १९९० मध्ये अमेरिकेत छोट्या उंदरांतही (माउस) हे रोपण साध्य झाले. माउसचा डोळा अवघा तीन मिलिमीटरच्या आसपास असतो! आनुवंशिकदृष्ट्या एकसारखे प्राणी हाती आल्याने कारणे निवडून तपासता आली. निरोगी डोळ्यात औषधाविना सुमारे निम्मी कलमे टिकत. जेथे आधीच रक्तवाहिन्या वाढलेल्या होत्या तेथे जवळजवळ सर्व नाकारली जात. २००१ मध्ये यामागामी आणि डाना यांनी उंदरांच्या मानेतील लसिकाग्रंथी काढून टाकल्या, तेव्हा अशा धोक्याच्या डोळ्यांतही बहुतेक कलमे टिकली. वर्दी कोणत्या ठाण्यावर जाते, तेही कळले.

आता भारताकडे येऊ. मुंबई राज्याने नेत्ररोपणाचा कायदा १९५७ मध्येच केला, राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये आला, मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये. या साऱ्यांचा भर दाता, संमती आणि नेत्रसंकलन यांवर होता. ते आवश्यकच होते. पण सशाने शिकविलेली गोष्ट वेगळी आहे: कलमाचे भवितव्य ते ज्या डोळ्यात लावले जाते त्यावर फार अवलंबून असते. आपल्याकडे शेतातील इजा, चिघळलेला जंतुसंसर्ग आणि जुने व्रण यांनी रक्तवाहिन्या शिरलेले डोळे पुष्कळ. हैदराबादच्या एका नामांकित नेत्रसंस्थेने १९९७ मध्ये सतराशेहून अधिक रोपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांनंतर निम्म्याहून कमी कलमे टिकली होती आणि अपयशाचे सर्वांत मोठे कारण प्रतिकारयंत्रणेचा नकार हेच होते. स्वतःचे अपयश असे आकड्यांत मांडणाऱ्या संस्था आपल्या देशात विरळाच.

अर्थशास्त्रात आम्हाला प्रवाह आणि साठा यांतील फरक पहिल्याच वर्षी शिकवतात. वर्षाला किती डोळे जमले आणि किती रोपणे झाली, हा प्रवाह; आज किती कलमे पारदर्शक आहेत, हा साठा. आढाव्यात विचारला जातो तो प्रवाह. नकार लवकर ओळखला तर स्टेरॉइडच्या थेंबांनी तो अनेकदा थोपविता येतो, पण डोळा लाल होऊन अंधुक दिसू लागताच रुग्ण दोन-चार दिवसांत पोहोचला पाहिजे. एकदा नाकारलेल्या डोळ्यात दुसरे कलम लावायचे, तर धोका आणखी वाढतो. बिहारच्या खेड्यातून पाटण्याला, किंवा गडचिरोलीतून नागपूरला येण्यात मजुरी बुडते आणि भाडेही पदरचे जाते. पहिल्या दोन वर्षांच्या तपासण्यांचा प्रवासखर्च आणि थेंबांचा खर्च शस्त्रक्रियेच्या अनुदानातच धरावा, आणि संस्थेला अनुदानाचा शेवटचा हप्ता दोन वर्षांनंतरची तपासणी नोंदविल्यावरच द्यावा, असे माझे मत आहे.