करवीरचें दप्तर आणि विद्यापीठाचें संशोधन

१८ नोव्हेंबर १९६२ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्तें शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन झालें, तेव्हां उत्तर सीमेवर चीनशीं युद्ध चाललें होतें. आज ज्या सागरमाळावर विद्यापीठाच्या इमारती व गर्द झाडी दिसते, तेथें त्या वेळीं मोकळें रान होतें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांचीं महाविद्यालयें नव्या विद्यापीठाच्या ओटींत पडलीं होतीं, आणि पहिले कुलगुरु म्हणून डॉ. अप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक लाभले होते. तेव्हांपासून येथें संशोधनास प्रारंभ झाला, असा एक समज सुशिक्षितांतही रूढ आहे. तो खरा नाहीं. संशोधन येथें आधींच नांदत होतें. विद्यापीठानें त्याला हक्काचें घर दिलें. आणि स्वतःचें घर झाल्यावर माणूस जसा थोडा निर्धास्त व सुस्त होतो, तसें त्या संशोधनाचेंही कांहीं अंशीं झालें, असें आम्हांस वाटतें.

या प्रांताची पद्धतशीर माहिती गोळा करण्याचा पहिला मोठा उद्योग एका इंग्रज अधिकाऱ्यानें केला. मेजर ग्रॅहॅम याचा कोल्हापूर संस्थानाविषयींचा अहवाल १८५४ सालीं मुंबई सरकारनें प्रसिद्ध केला. त्यांत शेतसारा, जाती, गांवें यांच्या जोडीला प्राचीन शिलालेखही आहेत. ग्रॅहॅमचा हेतु राज्यकारभाराचा होता, विद्येचा नव्हे. तरी विद्येला त्याचें ऋण नाकारतां येत नाहीं. राज्यकर्त्यानें आपल्या सोयीसाठीं मांडलेल्या कोष्टकावर पुढें विद्वानांनीं आपला संसार थाटावा, हें आपल्याकडे पुष्कळ वेळां घडलें आहे.

खरी परंपरा सुरू झाली ती राजाराम कॉलेजांत. डॉ. बाळकृष्ण हे १९२२ सालीं तेथें प्राचार्य म्हणून आले. जन्मानें ते महाराष्ट्रीय नव्हेत. आले ते उत्तरेकडून, आर्यसमाजाच्या वातावरणांतून. तरी त्यांनीं शिवछत्रपतींवर जो चार भागांचा इंग्रजी ग्रंथ लिहिला व १९३२ पासून प्रसिद्ध केला, त्यासाठीं डच व इंग्रज वखारींचीं दप्तरें चाळलीं. परक्या व्यापाऱ्यानें आपल्या धन्यास लिहिलेल्या पत्रांत आपल्या राजाचें चित्र कसें उमटलें आहे, हें पाहण्याची दृष्टि त्या काळीं विरळा होती. त्यांचे कांहीं निष्कर्ष पुढील अभ्यासकांनीं मानले नाहींत. पण त्यांनीं पुढें आणलेला पुरावा कोणास टाळतां आला नाहीं. १९४० सालीं ते वारले.

त्याच कॉलेजांत कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार होते. कोल्हापूर संस्थान व उत्तर कर्नाटक येथील शिलालेखांचा त्यांचा संग्रह १९३९ सालीं निघाला. परंतु सामान्य वाचकास त्यांचें नांव सांगावयाचें तर ब्रह्मपुरीवरून सांगावें लागतें. पंचगंगेच्या कांठच्या या टेकाडांत १९४४-४५ च्या सुमारास कुंदणगारांस ज्या वस्तु सांपडल्या, त्यांत पोसायडन या समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ति होती. सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रापासून इतक्या दूर, सातवाहनांच्या काळांत रोमन साम्राज्याशीं चाललेल्या व्यापाराची ही साक्ष! पुढच्याच वर्षीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें आणि त्याचा अहवाल १९५२ सालीं छापला. ती मूर्ति आज टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत आहे. बागेंत फिरावयास येणाऱ्या कुटुंबांनीं ती मुलांस एकदां तरी दाखवावी, अशी आमची प्रेमाची सूचना आहे.

तिसरे डॉ. आ. ने. उपाध्ये. सदलगा या सीमाभागांतील गांवचा हा विद्वान १९३० पासून तीस वर्षांवर राजाराम कॉलेजांत अर्धमागधी शिकवीत होता. उद्द्योतनसूरीचा 'कुवलयमाला' हा इ. स. ७७९ मधील प्राकृत ग्रंथ त्यांनीं संपादिला. त्यांत एका बाजारपेठेचें वर्णन आहे. निरनिराळ्या देशींचे व्यापारी तेथें आपापल्या बोलींत बोलतात, आणि त्यांत मरहट्टेही आहेत. मराठीच्या बाल्यावस्थेचा असा जिवंत पुरावा थोडाच सांपडतो. तो साक्षेपानें संपादून पुढें ठेवणारा पंडित कोल्हापुरांत राहून तें काम करीत होता, आणि गांवांतील बहुतेकांस त्याचा पत्ता नव्हता. दोष कोणाचा म्हणावा? बाळकृष्ण, कुंदणगार, उपाध्ये या तिघांनींही आपलें मुख्य लेखन इंग्रजींत केलें. विद्वानांच्या जगास तें पोहोंचलें. शेजारच्या पेठेस पोहोंचलें नाहीं.

विद्यापीठ स्थापन झाल्यावर हें अंतर कमी करण्याचा जो प्रयत्न झाला, त्याचें श्रेय प्रथम अप्पासाहेब पवारांस दिलें पाहिजे. कुलगुरुपदाचा व्याप सांभाळून त्यांनीं 'ताराबाईकालीन कागदपत्रें' संपादण्यास घेतलीं. औरंगजेबाशीं झुंजणाऱ्या व पुढें करवीरची गादी उभारणाऱ्या ताराबाईंविषयीं आपल्याकडे भावनापूर्ण लेखन पुष्कळ होतें; कागद मात्र विखुरलेले होते. नव्या विद्यापीठानें आपल्या नांवावर आरंभींच काय छापावें, तर आपल्याच भूमीचे अस्सल मराठी कागद, हा निर्णय आमच्या मतें त्या काळांतील कोणत्याही इमारतीपेक्षां मोठा होता.

कागद छापल्यानें काय होतें, हें पाहावयाचें तर राजर्षि शाहू छत्रपतींचें उदाहरण घ्यावें. १९२२ च्या मे महिन्यांत महाराज निवर्तले. त्यानंतर कित्येक दशकें त्यांच्याविषयींचें लेखन दोन छावण्यांत विभागलेलें होतें. एका घरीं त्यांचें नांव आरतीसारखें घेतलें जाई, दुसऱ्या घरीं वेदोक्ताची आठवण निघून जेवणाच्या पंक्तींत बोलणें बंद पडे. आमच्या लहानपणीं हा दुसरा प्रकारही आम्हीं पाहिला आहे. अण्णासाहेब लठ्ठे यांनीं १९२४ सालीं महाराजांचें इंग्रजी चरित्र दोन खंडांत लिहिलें. ते महाराजांचे निकटचे होते, म्हणून त्यांच्या मतांवर आक्षेप घेतां येई. पण त्यांच्या ग्रंथामुळें सर्वतोमुखी झालेल्या आंकड्यांवर घेणें कठीण होतें. १८९४ सालीं महाराजांच्या हातीं अधिकार आले तेव्हां दरबारच्या सर्वसाधारण खात्यांतील ७१ जागांपैकीं ६० जागा एकाच जातीकडे होत्या. २६ जुलै १९०२ च्या करवीर गॅझेटांत मागासलेल्या वर्गांसाठीं शेंकडा ५० जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. महाराज तेव्हां विलायतेंत होते. १९२२ सालीं त्याच खात्यांतील ९५ जागांपैकीं ३६ जागा ब्राह्मणांकडे उरल्या होत्या.

एवढ्या चार आंकड्यांत वीस वर्षांच्या वादाचा गाभा आहे. तरी आंकडे सर्व सांगत नाहींत, हेंही येथेंच म्हणावयास हवें. जागा किती हें कळतें. त्या जागांवर बसलेल्या माणसाचे दिवस कसे गेले, वरिष्ठांनीं त्याला काम शिकविलें कीं अडविलें, हें कोष्टकांत नाहीं. तें हुकूम, अर्ज, तक्रारी व खासगी पत्रें यांत आहे. विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रानें महाराजांचे कागद खंडशः प्रसिद्ध करण्याचें कार्य हातीं घेतलें आणि समाजशास्त्रज्ञ डॉ. विलास संगवे यांनीं त्यांत मोठा वांटा उचलला. 'जैन समाजाची पाहणी' हा संगव्यांचा १९५९ मधील इंग्रजी ग्रंथ ज्यांनीं वाचला असेल, त्यांस या कामासाठीं तेच योग्य कां होते हें सांगावयास नको. एखाद्या जातीविषयीं न चिडतां व न विरघळतां कसें लिहावें, हें त्यांस साधलें होतें. हे खंड निघूं लागल्यावर दोन्ही छावण्यांतील आवाज एकदम खाली आले असें नाहीं. पण सभेंत कोणी कांहीं ठोकून दिलें तर 'कागद दाखवा' म्हणणारा एक तरी श्रोता निघूं लागला.

शिक्षणाच्या अभ्यासांत नांव घ्यावयाचें तें जे. पी. नाईक यांचें, आणि ते तर विद्यापीठाच्या उंबरठ्याबाहेरचेच. याच जिल्ह्यांतील बहिरेवाडीचे नाईक यांनीं नूरुल्ला यांच्यासह ब्रिटिश काळांतील हिंदी शिक्षणाचा इतिहास १९४३ सालीं लिहिला, १९४७ सालीं गारगोटीस मौनी विद्यापीठाच्या उभारणींत पुढाकार घेतला, आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून साऱ्या देशाच्या शिक्षणाचा आराखडा रचला.

कलांच्या बाबतींत मात्र आमची मान खाली जाते. अल्लादिया खाँसाहेब या दरबारचे गवई. बाबूराव पेंटरांनीं येथें महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० सालीं 'सैरंध्री' दाखविला. देवल क्लब १८८३ पासून गाण्याच्या बैठकी करीत आला. यांपैकीं किती जतन झालें? बाबूरावांच्या मूक चित्रपटांतील बहुतेक नष्ट झाले. गवयांच्या आठवणी घरोघर होत्या, त्या म्हाताऱ्यांबरोबर गेल्या. गोविंदराव टेंब्यांनीं स्वतः लेखणी उचलली नसती तर त्या मैफलींविषयीं आज आपल्यापाशीं फारच थोडें उरतें. ते कोणत्याही पदवीसाठीं लिहीत नव्हते, हें जातां जातां नमूद करतों.

पदवीसाठीं लिहिलेल्या प्रबंधांविषयीं आम्ही स्वतः परीक्षक म्हणून बसलों असल्यामुळें थोडें जपून बोलणें इष्ट. कित्येक प्रबंध उत्तम असतात. परंतु 'एक ऐतिहासिक अभ्यास' असें शीर्षक मिरविणारे, आणि छापील पुस्तकांपलीकडे एकही अस्सल कागद न पाहिलेले प्रबंधही आमच्या मेजावर आले आहेत. विचारलें तर उत्तर एकच: कागद मोडींत आहेत. तें खोटें नाहीं. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याचें दप्तर सरकारी पुराभिलेखागारांत आलें. मोडी मात्र शाळांतून गेली. रुमाल शाबूत आहेत, वाचणारे ओसरत आहेत. आमच्या परिचयाच्या एका वाड्यांत तर माळ्यावरचें दप्तर, वाचतां येईना म्हणून, रंगकामाच्या वेळीं रद्दीवाल्यास वजनावर दिलें गेलें. आम्ही पोहोंचलों तेव्हां एक रिकामी लांकडी पेटी राहिली होती.

गेल्या वर्षीं एक विद्यार्थी प्रबंधाचा विषय विचारावयास आला. शाहू महाराजांच्या शिक्षणकार्यावर लिहावयाचें आहे, म्हणाला. त्यावर शंभरांनीं लिहिलें आहे, असें आम्हीं सांगितलें. १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या हुकुमांत मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता, एवढें तो जाणून होता. आम्हीं त्याला विचारलें, हा दंड प्रत्यक्षांत कोणा पालकाकडून वसूल झाला काय? किती गांवांत? कोणत्या जातीच्या, कोणत्या महिन्यांत, सुगीच्या कीं उन्हाळ्याच्या? तो गप्प राहिला. आठ दिवसांनीं परत आला तो मोडीची बाराखडी घेऊन. आतां आठवड्यांतून दोन संध्याकाळीं तो आमच्याकडे बसतो. अक्षरें अद्याप त्याला दगा देतात, शब्द कोठें तुटतो हें कळत नाहीं. आंकडे तेवढे बिनचूक वाचतां येऊं लागले आहेत. त्याला आम्हीं धीर दिला कीं, वसुलीचे कागद मिळाले तर त्यांत बहुतेक आंकडेच असावयाचे.