थरथरत्या अक्षराचा इतिहास : औषधाने आलेला कंप आणि तो सोसणारी माणसे

१/
विसाव्या शतकाच्या मध्यात एक विलक्षण अनुभव जगभरातील असंख्य रुग्णांच्या वाट्याला आला. औषधाने मन शांत झाले, रक्तदाब उतरला आणि हात थरथरू लागले. हा कंप आजाराचा नव्हता, उपचाराचा होता. या कंपाच्या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. आजचा थ्रेड त्याविषयी. 🧵

२/
आरंभ एका मुळापासून करू. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. उन्माद, निद्रानाश, सर्पदंश अशा नाना तक्रारींवर तिचे मूळ दिले जाई. आधुनिक प्रयोगशाळेने तिची दखल घेतली ती मात्र विसाव्या शतकात.

३/
१९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या दोन गुणांविषयी लिहिले : ती मनोविकारावर चालते आणि वाढलेला रक्तदाब उतरवते. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी करत होते. त्यांतील एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ हे नाव दिले.

४/
१९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेच्या चाचणीचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळाकडे खऱ्या अर्थाने वळले ते या लेखानंतर. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील मुख्य द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रेसर्पिन.

५/
१९५४ साली नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात रेसर्पिन वापरल्याचा वृत्तान्त दिला. त्याआधी १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात देले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू केला होता. एक औषध मुळातून आलेले, दुसरे कारखान्यात घडवलेले. दोन्ही एकाच दशकात वेड्यांच्या इस्पितळांत पोहोचली.

६/
त्या इस्पितळांची तेव्हाची अवस्था ध्यानात घ्यावी. १९५५ साली एकट्या अमेरिकेत सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. उपचार म्हणजे विजेचे झटके, इन्सुलिनची ग्लानी, मेंदूवरील शस्त्रक्रिया. अशा जागी गोळीने माणूस शांत होऊन बोलू लागतो, ही क्रांतीच होती. या औषधांचे उपकार नाकारून हा इतिहास सांगता येणार नाही.

७/
पण १९५४ मध्येच लोझान येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स स्टेक यांनी एक गोष्ट नोंदवली. दोन्ही औषधांवरील रुग्णांचा चेहरा भावहीन होई, अंग ताठरे, पावले आखूड पडत, हात थरथरत. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी वर्णिलेल्या कंपवाताशी हे चित्र जुळत होते. फरक एवढाच, की येथे कंप औषधातून आला होता.

८/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असा प्रश्न : या कंपाचा अर्थ कोणी कसा लावला? बऱ्याच डॉक्टरांच्या दृष्टीने तो औषध ‘लागू पडल्याची’ खूण होता. या वर्गाच्या औषधांची लक्षणे सांगताना देले आणि डेनिकर यांनी शरीराच्या हालचालींवरील परिणामही त्यांत गणला. दुष्परिणाम आणि परिणाम यांच्यातील सीमारेषा अशी पुसट झाली.

९/
जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स-योआखिम हासे यांनी तर रुग्णाच्या हस्ताक्षरालाच मोजपट्टी केले. औषध वाढवत न्यायचे आणि रुग्णाकडून वारंवार लिहून घ्यायचे. अक्षर बारीक आणि आखडलेले होऊ लागले, की मात्रा पुरेशी झाली असे समजायचे. हासे यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे : त्यापुढे मात्रा वाढवल्यास लाभ वाढत नाही, त्रास मात्र वाढतो, असेच त्यांचे म्हणणे होते.

१०/
तरीही त्या कागदाकडे रुग्णाच्या बाजूने पाहा. चाचणीला अक्षराच्या आकाराशी कर्तव्य होते. लिहिणाऱ्याला मात्र त्याच हाताने घरी पत्र लिहायचे होते, बँकेत सही जुळवायची होती, चहाचा कप ओठांपर्यंत न सांडता न्यायचा होता. आणि थरथरणारा हात पाहून परका माणूस औषधाचा विचार करत नाही. तो भीती पाहतो, व्यसन पाहतो किंवा वेड पाहतो.

११/
मग रुग्णांनी काय केले? मार्ग थोडेच होते. डॉक्टर ऐकणारा असेल तर मात्रा कमी होई. नाहीतर कंपावर दुसरी गोळी येई. ट्रायहेक्सीफेनिडिल हे त्यांतले एक परिचित नाव. तिने कंप आवरे, पण तोंडाला कोरड पडे, बद्धकोष्ठ होई, दृष्टी धूसर होई, उतारवयात विसरभोळेपणा वाढे. एका गोळीसाठी दुसरी, असा हिशोब सुरू होई.

१२/
तिसरा मार्ग गुपचूप औषध सोडण्याचा. बाहेरून तो हट्ट किंवा अडाणीपणा दिसतो. पण ज्याला उपचाराचा लाभ इतरांनी सांगितलेला कळतो आणि त्रास स्वतःच्या हातात दिसतो, त्याच्या निर्णयामागे एक हिशोब असतो. तो हिशोब पुष्कळदा चुकत असे, आजार उलटत असे. तरी त्याला निव्वळ अविचार म्हणणे हा इतिहासाने केलेला अन्याय ठरेल.

१३/
काहींच्या बाबतीत गोष्ट आणखी बिघडली. दीर्घकाळ औषध घेतल्यावर जीभ, ओठ, जबडा आपोआप हलू लागत. १९५७ पासून अशी वर्णने येऊ लागली आणि १९६४ साली या विकाराला ‘टार्डिव्ह डिस्कायनेशिया’ हे नाव मिळाले. टार्डिव्ह म्हणजे उशिरा येणारा. हा कंपाहून निराळा विकार. कंप आवरणारी गोळी यात उपयोगी पडत नाही, उलट त्रास वाढवू शकते. औषध कमी केल्यावरही तो काही काळ अधिक ठळक दिसू शकतो.

१४/
याच दशकात या कंपाचा तिसरा अर्थ लावला जात होता, प्रयोगशाळेत. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे निपचित झाले. मग लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. १९५७ साली हे प्रसिद्ध झाले. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामाइन तयार होते. रेसर्पिन ज्याचा साठा रिता करते, त्यात हे डोपामाइन आहे आणि त्याचा संबंध हालचालीशी आहे, हे यातून उलगडले.

१५/
१९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकेविच यांनी कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामाइनची मोठी उणीव दाखवली. १९६१ मध्ये बिर्कमायर यांच्यासह लेव्होडोपाची इंजेक्शने देऊन पाहिली गेली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी ते मोठ्या मात्रेत तोंडावाटे देऊन उपचार रूढ केला. एका औषधाने आणलेल्या कंपाने जुन्या कंपवाताचे कोडे सोडवायला मदत केली होती.

१६/
येथे एक भारतीय टीप. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच खाजकुइलीच्या बियांतून हेच लेव्होडोपा वेगळे केले होते. तेव्हा त्याचा कंपवाताशी संबंध कोणाच्याही ध्यानात आलेला नव्हता. द्रव्य हाती असणे आणि त्याचा उपयोग कळणे, यांत दोन-तीन दशके गेली.

१७/
पण लेव्होडोपानेही आपला मोबदला घेतला. १९६९ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ऑलिव्हर सॅक्स यांनी निद्रारोगाच्या साथीतून वाचलेल्या, अनेक वर्षे जखडलेल्या रुग्णांना ते दिले. माणसे उठली, चालली, बोलली. पुढे अनेकांना अंगाचे हिसके, अनावर हालचाली, अस्वस्थता यांनी ग्रासले. सॅक्स यांचे महत्त्व असे, की मात्रेच्या आकड्यांबरोबर त्यांनी रुग्णांचे म्हणणेही लिहून ठेवले.

१८/
सोसणाऱ्यांचा आवाज पुढे न्यायालयातही पोहोचला. बोस्टनच्या सरकारी मनोरुग्णालयातील रुग्णांनी १९७५ साली ‘रॉजर्स विरुद्ध ओकिन’ हा खटला दाखल केला. तातडीचा प्रसंग नसेल तर संमतीवाचून ही औषधे देता येणार नाहीत, असे १९७९ च्या निकालाने मान्य केले. अपिलांत त्याचे स्वरूप बदलले, पण ‘नको’ म्हणण्याचा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला तो आलाच.

१९/
आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला प्रस्तावित उपचाराची आणि त्याच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क दिला. कंप येऊ शकतो, हे आधी कळणे आणि एके सकाळी कपाची किणकिण ऐकून कळणे, यांत फार अंतर आहे. पहिल्यात माणूस उपचाराचा भागीदार असतो, दुसऱ्यात केवळ त्याची जागा.

२०/
त्याच २०१७ साली अमेरिकेत टार्डिव्ह डिस्कायनेशियावर व्हॅलबेनाझिन हे औषध मंजूर झाले. मेंदूतील ज्या वाहक प्रथिनाला ते रोखते, त्याच कुळातील प्रथिनांवर आपल्या सर्पगंधेतील रेसर्पिनही काम करते. ज्या वाटेने कंप आला, तिच्याच जवळून अनावर हालचालींवरचा उपाय आला. त्याच्याही दुष्परिणामांच्या यादीत कंपवातासारखी लक्षणे आहेत!

२१/
वकील, क्लाइन आणि डेनिकर यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल. तो मान यथार्थच. पण याच इतिहासाची दुसरी साधने रुग्णांच्या केसपेपरांत आहेत, जिथे एका माणसाचे रोजचे जगणे ‘हातास कंप’ एवढ्या दोन शब्दांत मिटते. औषधांचा इतिहास लिहिताना त्या दोन शब्दांपाशी थांबावे लागेल. कोणी विचारले होते का? मात्रा कोणाच्या म्हणण्यावरून बदलली?

२२/
शेवटी एक विनंती. आपल्या घरात कोणी अशी औषधे घेत असेल आणि हात थरथरू लागले असतील, तर औषध आपल्या मनाने बंद करू नका आणि कंप निमूटपणे सोसूही नका. कधी सुरू झाला, केव्हा वाढतो, काय करता येईनासे झाले, हे तारखेसह लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. त्या कागदावर या वेळी मजकूरही वाचला गेला पाहिजे.