राबाची माती

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, ठाणे-कुलाब्याच्या डोंगरपट्टीत आणि घाटमाथ्यावरील मावळ-इगतपुरीच्या पर्जन्यबहुल मुलखात, भाताचे बी पेरण्यापूर्वी रोपाची जमीन भाजून घेण्याची जी चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिला राब म्हणतात. आणि इंग्रजी अमदानीत या राबावरून रयत व जंगलखाते यांच्यात जो दीर्घ कज्जा चालला, त्याचा इतिहास पाहू जाता असे दिसते की, उभय पक्षांनी झाडांविषयी पुष्कळ वाद घातला, परंतु ज्या मातीसाठी हा सारा खटाटोप होता, तिची सखोल रासायनिक परीक्षा पुष्कळ उशिरा झाली.

राबाची सिद्धता उन्हाळ्याच्या पुष्कळ आधी सुरू होई. ऐनासारख्या झाडांची कवळ, म्हणजे पालेदार डहाळ्या, तोडून वाळवावयाची, रोपाच्या जागेवर शेण, त्यावर कवळ, त्यावर गवत व पातेरा असे थर रचावयाचे, राख उडू नये म्हणून वर बारीक माती पसरावयाची आणि वाऱ्याच्या उलट अंगाने आग लावावयाची, म्हणजे जाळ पुढे न धावता सावकाश सरकतो आणि खालची जमीन नीट तापते. अशा जमिनीत मृगाच्या सुमारास फेकलेले बी तणाचा उपद्रव न होता जोमाने वाढे आणि तीन-चार आठवड्यांत आवण, म्हणजे रोप, खाचरात लावण्याजोगे होई. भातखाचरांच्या जोडीला असलेल्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीचे मोल नाचणी-वरीइतकेच तिच्यावरील कवळीमुळेही होते.

सन १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव व संरक्षित रानांच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि जे तोडणे कालपर्यंत वहिवाट होती, ते आज गुन्हा ठरू लागले. वर्षानुवर्षे छाटलेली झाडे खुरटून जातात, हे जंगलखात्याचे म्हणणे निराधार नव्हते. राबावाचून रोप नाही आणि रोपावाचून सारा नाही, हे रयतेचे उत्तरही तितकेच रोकडे होते. तक्रारी इतक्या वाढल्या की, १८८५ मध्ये मुंबई सरकारास एक जंगल कमिशन नेमावे लागले, ज्याचा अहवाल १८८७ मध्ये बाहेर आला.

मातीची खरी साक्ष पुढे पाव शतकाने झाली. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाची रासायनिक परीक्षा करून १९१२ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि राबाचे फळ केवळ राखेच्या खताचे नसून माती तापण्याचेही आहे, हे त्यातून पुढे आले. तापविलेल्या मातीत वनस्पतींना उपयुक्त नत्र अधिक मोकळे होते, असे इंग्लंडातील रॉथॅम्स्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी १९०९ मध्येच दाखविले होते. कोकणचा कुणबी तेच फळ प्रयोगशाळेवाचून पदरात पाडून घेत होता.

स्वातंत्र्योत्तर काळात बोरिवलीच्या कोरा केंद्रासारख्या संस्थांनी जपानी भातशेतीचा पुरस्कार केला, तेव्हा गादीवाफा, कुजलेले खत आणि विरळ पेरणी यांच्या रूपाने राबाला पर्याय उभा राहिला. तरीही राब सर्वस्वी मोडला नाही, कारण खतास पैसा लागतो आणि कवळीस केवळ श्रम. राज्यकर्त्यांनी १८७८ मध्ये मनाईचा हुकूम आधी काढला आणि मातीची परीक्षा मागाहून केली. हा क्रम उलटा असता, तर रानही राखले गेले असते आणि रयतेस आपल्याच वहिवाटीसाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले नसते.