क्षत्रपांचीं नाणीं आणि बेताच्या पैशाचा संग्राहक

प्राचीन नाण्यांचा संग्रह हा धनिकांचा षोक आहे, अशी सुशिक्षित घरांतूनहि पुष्कळांची समजूत असते. गुप्त सम्राटांच्या सुवर्णमुद्रा किंवा कुशाणांचे सोन्याचे दिनार डोळ्यांसमोर ठेवले तर ही समजूत खोटी म्हणतां येणार नाहीं. परंतु सुंदर नाणें तें महाग नाणें, असा कांहीं नियम नाहीं. नाण्याची किंमत त्याच्या सौंदर्यावर फारशी ठरत नाहीं, आणि वयावर तर मुळींच ठरत नाहीं. तशा जातीचीं नाणीं किती उरलीं आहेत आणि तीं हवीं असणारे लोक किती आहेत, या दोन गोष्टींवर ती ठरते. शंभर वर्षांपूर्वींचा एखादा दुर्मिळ रुपया दीड हजार वर्षांपूर्वींच्या चांदीच्या नाण्याहून कितीतरी महाग पडतो, याचें इंगित हेंच.

ज्याच्यापाशीं पैसा बेताचा पण दृष्टि चोखंदळ आहे, अशा संग्राहकाला पश्चिम क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांइतकें अनुकूल क्षेत्र भारतांत दुसरें क्वचितच सांपडेल. मूळचे शक असलेले हे राजे ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या शतकांत गुजरात, सौराष्ट्र आणि माळवा या प्रदेशांवर राज्य करीत होते. कांहीं काळ नाशिक, जुन्नर आणि कार्ले येथपर्यंत त्यांची सत्ता पोंचली होती. सुमारें तीन शतकें त्यांच्या टांकसाळींतून एकाच धर्तीचें लहानसें नाणें पडत राहिलें. लोकांनीं तें घागरींत भरून पुरलें, आणि पुढें नांगराच्या फाळाला लागून तें पुन्हां वर आलें. म्हणूनच आजहि साधारण पगारदार माणसाला त्यांतील एखादें चांगलें नाणें घेतां येतें.

नाणें आकारानें नखाएवढें. व्यास सुमारें १५ मिलिमीटर, वजन जवळजवळ २ ग्रॅम. एका बाजूस राजाचा उजवीकडे पाहणारा मुखवटा: मोठा डोळा, मिशा, मानेवर रुळणारे केस, डोक्याला घट्ट बसलेली टोपी. कडेनें ग्रीक अक्षरांचे अवशेष. ते पुढें पुढें इतके बिघडले कीं तो निव्वळ वेलबुट्टीचा प्रकार झाला. दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा डोंगर, ज्याला कोणी चैत्य म्हणतात, त्यावर चंद्रकोर, खालीं नदीची नागमोडी रेघ. आणि सभोंवार ब्राह्मी लिपींत राजाचें नांव. नांव एकट्याचें नाहीं. अमुक राजा महाक्षत्रप, त्याचा पुत्र अमुक राजा क्षत्रप, असा बापलेकांचा दोघांचाहि उल्लेख. इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून तर मुखवट्याच्या पाठीमागें शककालाचें वर्षहि येऊं लागलें. चेहरा, बापाचें नांव आणि वर्ष या तिन्ही गोष्टी एकत्र सांगणारीं नाणीं प्राचीन भारतांत फारच थोडीं आहेत.

तें वर्ष वाचणें हा या संग्रहांतील खरा आनंद. त्या अंकलेखनांत शून्य नव्हतें. शंभराचें एक चिन्ह, दोनशेंचें दुसरें, वीस, तीस, पन्नास यांचीं वेगवेगळीं, आणि एक ते नऊंचीं आणखी वेगळीं. शंभर, पन्नास आणि तीन अशीं चिन्हें ओळीनें दिसलीं तर तो शके १५३. त्यांत ७८ मिळविले कीं इ. स. २३१, म्हणजे महाक्षत्रप दामसेन याची कारकीर्द. ठशापेक्षां चकती लहान असल्यामुळें पुष्कळदां एखादा आकडा कडेबाहेर जातो. तीन आकड्यांपैकीं दोनच उरलेलें नाणें स्वस्त मिळतें, आणि बाप, लेक व पदवी यांचीं नांवें वाचून तिसऱ्या आकड्याचा अदमास बांधीत बसणें हा सुटीच्या दुपारचा चांगला उद्योग आहे.

या घराण्याचा इतिहास कोणत्याहि बखरींत किंवा पुराणांत सलग आलेला नाहीं. रुद्रदामनाचा जुनागडचा शके ७२ चा शिलालेख प्रसिद्धच आहे. पण शिलालेख थोडे, आणि राजे पुष्कळ. वंशावळ उभी राहिली ती मुख्यतः या चिमुकल्या नाण्यांवरून. धाकटा तो क्षत्रप आणि वडील तो महाक्षत्रप, गादी पुष्कळदां मुलाकडे न जातां भावाकडे जाते, इ. स. ३०० च्या सुमारास महाक्षत्रप ही पदवीच कित्येक वर्षें नाहींशी होते, हें सारें नाण्यांवरच लिहिलेलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत जेम्स प्रिन्सेपनें हीं अक्षरें लावण्यास आरंभ केला. पुढें या कामावर ज्यांची छाप पडली ते पंडित भगवानलाल इंद्रजी जुनागडचे. त्यांचा जन्म १८३९ चा. गिरनारच्या पायथ्याचा शिलालेख लहानपणापासून त्यांच्या डोळ्यांसमोर होता. मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं त्यांना आश्रय दिला, आणि त्यांच्यासाठीं भगवानलाल लेणीं, ताम्रपट आणि नाणीं शोधीत देशभर हिंडले. ते श्रीमंत नव्हते. तरीहि १८८८ मध्यें त्यांचा अंत झाला तेव्हां त्यांचा नाण्यांचा संग्रह असा होता कीं तो त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणें ब्रिटिश म्यूझियममध्यें गेला, आणि क्षत्रपांवरील त्यांचा निबंध रॅप्सन यांनीं संपादून १८९० सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापविला. तो संग्रह येथेंच राहता तर बरें झालें असतें, असें आज कोणासहि वाटेल. पण १८८८ सालीं मुंबईंत तो सांभाळण्याजोगी जागा कोठें होती, हेंहि विचारलें पाहिजे.

त्या निबंधाच्या वेळीं नहपान या क्षत्रपाचीं नाणीं अतिशय दुर्मिळ होतीं. ही स्थिति एका घबाडानें पालटली. १९०६ सालीं नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथें तेरा हजार दोनशें पन्नासांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा सांठा सांपडला. सारीं नाणीं नहपानाचीं. पण त्यांतील ९,२७० नाण्यांवर दुसऱ्या एका राजानें आपला ठसा वरून मारलेला होता. तो राजा गौतमीपुत्र सातकर्णि. नाशिकच्या लेण्यांत त्याच्या आईनें, बलश्रीनें, कोरविलेल्या लेखांत क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा असें त्याचें वर्णन आहे. आणि नहपान हा क्षहरातच. शिलालेखांतील स्तुति अतिशयोक्तीची म्हणून सोडून देतां आली असती. नऊ हजार नाणीं सोडून देतां येत नाहींत. पराभूत राजाचें चलन गोळा करून जेत्यानें तें आटविलें नाहीं. त्यावर आपला डोंगर आणि उज्जयिनीचें चिन्ह उमटवून तेंच पुन्हां बाजारांत सोडलें. ठसा घाईनें मारल्यामुळें पुष्कळ नाण्यांवर सातकर्णीच्या कमानीखालून नहपानाचें नाक किंवा ग्रीक अक्षरांची एखादी ओळ डोकावते. रेव्हरंड स्कॉट यांनीं हा सांठा तपासून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्याचें वर्णन छापलें. नहपानाचे चेहरे नाण्यागणिक किती निरनिराळे आहेत, हेंहि त्यांनीं नोंदलें. कोठें तरुण, कोठें गालफडें बसलेला म्हातारा.

अशा नाण्याला त्या काळीं काय येत असे? त्याचेंहि उत्तर नाशिकच्याच लेण्यांत आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींपाशीं तीन हजार कार्षापण ठेव ठेवली. त्यांपैकीं दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक व्याज. त्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे. दोन हजारांचें महिन्याचें व्याज वीस, वर्षाचें दोनशें चाळीस. वीस बारे दोनशें चाळीस. हिशेब कवडीपर्यंत जुळतो. हे कार्षापण म्हणजे नहपानाचीं हींच चांदीचीं नाणीं, असें बहुतेक अभ्यासक मानतात. तळहातावरचीं असलीं बारा नाणीं म्हणजे एका भिक्षूच्या वर्षाच्या वस्त्राची बेगमी.

आतां थोडी कडू गोष्ट. जोगळटेंभीच्या सांठ्यानें जें सांगितलें तें त्याची मोजदाद आणि तपासणी झाली म्हणून सांगितलें. तीच तेरा हजार नाणीं गुपचूप सराफाच्या मुशींत गेलीं असतीं, किंवा दलालांनीं चांगलीं तेवढीं निवडून गांवोगांव विकलीं असतीं, तर ९,२७० हा आकडा कोणाच्याच हातीं लागला नसता. सांठ्यांतील सर्वांत अलीकडचें नाणें तो केव्हां पुरला तें सांगतें. कोणतीं नाणीं किती, यावरून कोणतें चलन किती चालत होतें तें कळतें. सुटें नाणें यांतलें कांहींच सांगूं शकत नाहीं. स्वस्त नाण्याची स्वस्ताई पुष्कळदां अशाच फुटलेल्या घागरींतून आलेली असते. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें गुप्तधन सांपडल्यास कलेक्टरास कळविलें पाहिजे, असा कायदा १८७८ चा आहे. आणि १९७२ च्या कायद्यानें प्राचीन वस्तु खासगी व्यक्तीस परदेशीं नेतां येत नाहीं. म्हणून नुकतींच जमिनींतून निघालेलीं, मातीनें भरलेलीं नाणीं कोणी ओंजळीनें पुढें केलीं, तर भाव कितीहि मोहक असो, हात मागें घ्यावा. जुन्या संग्रहांतून आलेलें, पावतीसह मिळणारें एक नाणें थोडें महाग पडलें तरी तेंच घ्यावें.

खोटीं नाणींहि याच बाजारांत आहेत. तीं बहुधा ओतीव असतात: कडेला सांध्याची बारीक रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे, अक्षरें साबणासारखीं गुळगुळीत. खऱ्या क्षत्रप नाण्याची चकती हातानें तयार झालेली, प्रत्येकीची कड वेगळी. दोन नाण्यांची कड आणि चीर तंतोतंत जुळली तर दोन्ही परत करावींत. वजनाचा लहान कांटा जवळ असावा. आणि नाणें घरीं आल्यावर चिंच-मीठ किंवा रांगोळी लावून तें चकचकीत करण्याचा मोह घरांतल्या कोणालाहि होऊं देऊं नये. भांड्यांना शोभणारी ती चकाकी नाण्यावरची अक्षरें घेऊन जाते. साधा कागदी लखोटा पुरेसा आहे. त्यावर वजन, वाचलेला लेख, वर्ष आणि नाणें कोठून घेतलें हें शाईनें लिहावें.

बेताच्या पैशांत पांच नाण्यांची एक ओळ हळूहळू जमवितां येते: सातकर्णीचा ठसा पडलेलें नहपानाचें एक, वर्ष स्पष्ट असलेलीं दोन, शेवटच्या क्षत्रपांपैकीं, शक्य तर तिसऱ्या रुद्रसिंहाचें, एक. पांचवें घ्यावें तें क्षत्रपांचें नव्हे. चौथ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास दुसऱ्या चंद्रगुप्तानें हें राज्य जिंकलें आणि येथल्या लोकांसाठीं चांदीचें नाणें पाडलें. आकार तोच, वजन तेंच, मुखवटाहि त्याच वळणाचा. मागच्या बाजूचा डोंगर मात्र गेला आणि त्या जागीं गरुड बसला. चंद्रगुप्ताचें हें नाणें थोडें दुर्मिळ आहे. त्याच्या मुलाचें, कुमारगुप्ताचें, गरुडाचें किंवा मोराचें नाणें मात्र अजून आवाक्यांत येतें.