डोंगरवाटेवरचा सोबती

महाभारताच्या अखेरीस, महाप्रस्थानिक पर्वांत, एका विलक्षण पदयात्रेचें वर्णन आहे. पांच पांडव, द्रौपदी आणि त्यांच्या मागोमाग आपण होऊन आलेलें एक कुत्रें अशी ती मंडळी हिमालयाच्या वाटेस लागली. वाटेंत एकेक जण कोसळला. शेवटीं युधिष्ठिर व तें कुत्रें एवढींच उरलीं. इंद्र रथ घेऊन आला आणि कुत्र्यास मागें सोडून एकट्यानेंच रथांत बसावें असें त्यानें सांगितलें, तेव्हां युधिष्ठिरानें स्वर्ग नाकारला. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पण तींतील एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. कुत्र्याचें इमान तेथें गृहीतच धरलेलें आहे. तें मागून आलें व शेवटपर्यंत चाललें, एवढेंच. कसोटी लागली ती मनुष्याची.

अर्वाचीन युरोपांत डोंगर आणि कुत्रा यांच्या जोडीच्या ज्या कथा प्रसिद्धीस आल्या, त्यांत बहुधा याच्या उलट झालें आहे. प्राण्याच्या निष्ठेवर काव्यें झालीं, चित्रें निघालीं. पण त्याला डोंगरावर नेणाऱ्या धन्यानें निघण्यापूर्वीं कोणता विचार केला होता, हें विचारण्याचें भान फारच थोड्यांस राहिलें. एकाच शतकांतील दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे या प्रश्नाचें महत्त्व कळून येईल.

केवळ आनंदासाठीं डोंगर तुडविण्याचा छंद फार जुना नाहीं. मेंढपाळ, व्यापारी, यात्रेकरू व सैनिक यांनीं पर्वत ओलांडले ते गरजेपोटीं. इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सृष्टिसौंदर्य पाहण्यासाठीं म्हणून लोक वायव्येकडील सरोवरांच्या प्रदेशांत जाऊं लागले. टॉमस वेस्ट या गृहस्थानें १७७८ सालीं त्या प्रदेशाची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. कोणत्या जागीं उभें राहिलें असतां कोणतें सरोवर शोभिवंत दिसतें हें तींत नेमकें सांगितलेलें होतें. पुढें १७९३ मध्यें फ्रान्सशीं युद्ध जुंपलें, युरोपची सफर कठीण झाली, आणि या प्रदेशाकडे येणाऱ्या हौशी प्रवाशांची संख्या आणखीच वाढली.

अशा हौशी लोकांपैकींच चार्ल्स गफ हा एक तरुण होता. त्यास चित्रकलेचा नाद होता. एप्रिल १८०५ मध्यें तो पॅटरडेल गांवाहून हेल्वेलिन पर्वतावरून पलीकडे ग्रासमिअरला जावयास निघाला. बरोबर वाटाड्या नव्हता. होती ती एक लहानशी कुत्री. हेल्वेलिनची उंची अवघी साडेनऊशें मीटर. म्हणजे आपला सिंहगडही त्याहून उंच. परंतु उंचीचा आंकडा येथें फसवा आहे. उत्तरेकडील त्या हवेंत एप्रिलमध्येंही माथ्यावर बर्फ असूं शकतें, पाहतां पाहतां धुकें उतरतें, आणि पूर्वेच्या अंगास स्ट्रायडिंग एज नांवाची जी अरुंद खडकाळ धार आहे तिच्या दोहों बाजूंस उतार तुटलेला आहे. गफ पलीकडे पोहोंचलाच नाहीं. तीन महिन्यांनीं, जुलैच्या २७ तारखेस, एका मेंढपाळानें कड्याखालीं, रेड टार्न या तळ्याजवळ, कुत्र्याचा आवाज ऐकला. जवळ जाऊन पाहतो तों गफचा सांगाडा पडलेला, आणि ती कुत्री अजून तेथेंच! मधल्या काळांत तिनें एका पिलास जन्मही दिला होता. तें जगलें नव्हतें.

ही वार्ता वाऱ्यासारखी पसरली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें वर्ड्सवर्थ, वॉल्टर स्कॉट व रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही हे तिघे मिळून हेल्वेलिन चढले. वर्ड्सवर्थ व स्कॉट या दोघांनींही या घटनेवर कविता लिहिल्या; पुढें १८२९ मध्यें लँडसीअर या चित्रकारानें धन्याच्या देहाजवळ बसलेल्या कुत्रीचें चित्र काढलें. १८९० मध्यें पर्वतमाथ्यावर एक स्मारकशिलाही बसविण्यांत आली. परंतु याच घटनेची दुसरी एक बाजू तेव्हांच्या एका स्थानिक वृत्तपत्रानें मांडली होती, आणि ती ऐकावयास कठोर होती: तीन महिने ती कुत्री जगली ती धन्याच्या देहावरच, असा तिचा सारांश होता. काव्यप्रेमी लोकांस हें सहन होणें शक्यच नव्हतें. सांगाडा झाला तो पक्ष्यांमुळें, कुत्री जगली ती मेलेल्या मेंढरांवर, असें म्हणणारे पुष्कळ निघाले. खरें काय तें ठरविण्यास साक्षीदार एकच होता, आणि तो मुका होता.

मला मात्र या सगळ्या वादांत एका गोष्टीचें नवल वाटतें. कुत्रीनें धन्यास खाल्लें कीं नाहीं, यावर लोक हमरीतुमरीवर आले; पण ज्या प्राण्यास पिलें व्हावयाचीं होतीं त्याला, वाटाड्यावांचून, बेभरंवशाच्या ऋतूंत त्या धारेवर नेणें योग्य होतें काय, हें कोणी विचारल्याचें दिसत नाहीं. गफला दोष देऊन आतां उपयोग नाहीं; त्यानें आपल्या धाडसाची किंमत प्राणानें चुकविली. तथापि निष्ठेच्या स्तुतीनें बेफिकिरीवर पांघरूण कसें पडतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

आतां साठ वर्षें पुढें येऊन आल्प्स पर्वतांत जाऊं. १८५७ मध्यें लंडनला आल्पाइन क्लब स्थापन झाला होता आणि गिर्यारोहणास एका शास्त्राचें रूप येत होतें. दोर, कुऱ्हाड, वाटाड्या, निघण्याची वेळ, बर्फाची परीक्षा या साऱ्यांचे नियम अनुभवानें ठरत होते. ते किती जरूरीचे होते हें १४ जुलै १८६५ रोजीं मॅटरहॉर्नवर दिसून आलें. शिखर प्रथमच सर करून परतणाऱ्या सात जणांपैकीं चौघे दोर तुटून कोसळले व मरण पावले. त्याच वर्षीं ग्रिंडेलवाल्डचा विख्यात वाटाड्या क्रिश्चन आल्मर यानें आपल्या एका लहान कुत्रीस बरोबर घेऊन चिंगेल नांवाची बर्फाळ खिंड ओलांडली. त्या खिंडीवरूनच तिचें नांव चिंगेल असें पडलें.

ती आल्मरकडेच राहती तर इतिहासास तिचें नांवही कळलें नसतें. १८६८ च्या जुलैमध्यें कूलिज नांवाचा सतरा वर्षांचा एक अमेरिकन मुलगा आल्मरबरोबर आयगर शिखर चढावयास गेला. मुलाची प्रकृति लहानपणापासून नाजूक. त्याची मावशी मेटा ब्रीव्हूर्ट हिनें त्यास आल्प्समध्यें आणून गिर्यारोहणाची गोडी लाविली होती. त्या दिवशीं शिखर न गांठतांच माघार घ्यावी लागली. मुलगा अगदीं हिरमुसला झाला, आणि त्याचें समाधान करावें म्हणून आल्मरनें आपली कुत्री त्यास देऊन टाकिली. पुढें तिच्याइतका नांवलौकिक मिळविणारें दुसरें कुत्रें आल्प्सनें पाहिलें नाहीं, त्या कुत्रीची भेट घडली ती अशी एका माघारींतून!

मावशी, भाचा, वाटाड्या व कुत्री अशा या मंडळीनें पुढील आठ वर्षें आल्प्स पालथा घातला. कूलिज यांनीं ठेविलेल्या हिशेबाप्रमाणें चिंगेलच्या नांवावर तीस शिखरें व छत्तीस खिंडी जमा आहेत. १८७५ च्या जुलैमध्यें ती माँ ब्लाँच्या, म्हणजे सुमारें ४८०० मीटर उंचीच्या, माथ्यावर आपल्या पायांनीं चालत गेली. आल्पाइन क्लबाची मंडळी तिला थट्टेनें आपली मानद सभासद म्हणत. या थट्टेस एक कडू चव आहे. त्याच क्लबाचें सभासदत्व मेटा ब्रीव्हूर्ट यांना, केवळ स्त्री म्हणून, मिळूं शकत नव्हतें. स्त्रियांना तें दार उघडलें तें थेट १९७० नंतरच्या दशकांत!

परंतु छासष्ट या आंकड्यापेक्षां मला त्यामागची व्यवस्था अधिक मोलाची वाटते. हिमनदीवर चालतांना चिंगेलच्या गळपट्ट्यास दोर बांधीत, म्हणजे बर्फाखालची भेग उघडली तरी ती आंत जाऊं नये. माणसें जशीं एकमेकांस बांधून घेत, तशीच ती बांधली जाई. खाण्यापिण्याची तिची निराळी सोय असे. पातळ चहा व तांबडी द्राक्षमदिरा तिला आवडे असें सांगतात. बर्फाच्या कठीण कडांनीं तिचे तळवे फाटून रक्त येई. तें पाहून ब्रीव्हूर्ट बाईंनीं तिच्यासाठीं मुद्दाम चामड्याचे बूट करविले. चिंगेलनें ते झुगारून दिले. आणि १८७६ नंतर, वय झाल्यावर, तिला शिखरांवर नेणें थांबलें. १८७९ मध्यें ती इंग्लंडांत घरच्या उबेंत वारली.

येथेंही सर्वच गोड होतें असें म्हणतां येत नाहीं. रक्ताळलेल्या पायांनीं चालणाऱ्या प्राण्यास शिखराचें काय सुख होतें, हा प्रश्न उरतोच. तिला तो आंकडा वाढवावयाचा नव्हता, कूलिजला होता. पण गफ आणि ब्रीव्हूर्ट यांच्यांत एक मोठें अंतर आहे. बाईंनीं कुत्रीच्या पायांकडे पाहिलें. बुटांचा बेत फसला खरा. तरी सोबत्याची उणीव ती आपली अडचण, असें मानल्यावांचून तो बेत सुचलाच नसता.

आजकाल आपल्याकडेही शहरांतील कुटुंबें कुत्रीं पाळतात आणि सुटीच्या दिवशीं त्यांना घेऊन एखाद्या किल्ल्याची वा घाटाची वाट धरतात. ही हौस चांगली आहे. तथापि सह्याद्रीचे धोके आल्प्सचे नव्हेत. येथें काळा कातळ उन्हांत तापतो, आणि बूट घातलेल्या मनुष्यास त्याची धग कळत नाहीं. तळहात क्षणभर टेकून पाहिला तर कळते. पावसाळा संपून कांहीं महिने लोटले कीं टांकीं आटतात, आणि कुत्र्याचें पाणी आपल्याच पाठीवर वाहून न्यावें लागतें. डोंगरपायथ्याच्या वाड्यांत बिबट्या शेळ्यांप्रमाणेंच कुत्र्यांवरही झडप घालतो, हें अकोले तालुक्यांतील गांवकऱ्यास सांगावें लागत नाहीं. सांजवेळीं दोरी सोडून फिरविणाऱ्या शहरवासीयास मात्र सांगावें लागतें. वन्य पशूंसाठीं राखलेल्या अभयारण्यांत तर घरचें कुत्रें न नेणें हेंच उचित. १९७२ च्या कायद्यानें तेथील प्रवेशच बंधनांत ठेविला आहे, आणि आपल्या प्राण्याचा रोग रानांतल्या प्राण्यांस लागूं शकतो.

म्हणून वाट ठरवितांना देखावा कोठून उत्तम दिसेल हें अवश्य पाहावें. पण पहांटे किती वाजतां निघावयाचें, पाणी कोठें आहे, आणि कोठून मागें फिरतां येईल, हें मंडळींतील सर्वांत असहाय जीवाच्या हिशेबानें ठरवावें. मनुष्य दमला तर बोलेल, चुकला तर वाद घालील. कुत्रें यांतलें कांहींच करीत नाहीं. आपण जेथें जाऊं तेथें तें येतें. हेल्वेलिनवर तीन महिने बसून राहणाऱ्या कुत्रीनें तें दाखवून दिलें आहे. त्याच्या इमानाची परीक्षा पाहण्याची आतां गरज उरलेली नाहीं. सामान बांधतांना त्याचें पाण्याचें भांडें आंत ठेवलें आहे कीं नाहीं, एवढें मात्र निघण्यापूर्वीं एकवार पाहावें.