कोणते गुण ग्राह्य? शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात महाविद्यालयीन प्रवेशाचा इतिहास

महाविद्यालयात प्रवेश देताना विद्यार्थ्याचे कोणते गुण ग्राह्य धरावेत, शिक्षण मंडळाच्या परीक्षेतील की सर्वांसाठी एकाच धर्तीवर घेतलेल्या प्रवेश परीक्षेतील, हा वाद आज सीईटी आणि जेईईच्या निमित्ताने होत असला तरी महाराष्ट्रात त्याची मुळे बरीच मागे जातात. घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे रेल्वे जंक्शन दौंड ही पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांची गावे पुणे शहरापासून साधारण सत्तर किलोमीटरवर असल्याने, प्रवेशाचे नियम शहरात ठरायचे आणि त्यांचे परिणाम या तालुक्यांतील घरांनी सोसायचे, असेच बहुतेक वेळा घडत आले.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन म्हणजे प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्या पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झाले. परीक्षा विद्यापीठाचीच आणि उत्तीर्ण होणे हाच प्रवेशाचा परवाना असल्यामुळे कोणते गुण दाखवावेत हा प्रश्नच त्या काळी उद्भवत नव्हता. स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठांकडून मंडळांकडे गेल्या, १९६५ च्या कायद्याने राज्य मंडळाची रचना ठरली आणि पुढे दहा अधिक दोन असा आकृतिबंध आल्यावर बारावीचे गुणपत्रक हेच अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशाचे मुख्य साधन बनले. शिरूरच्या चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालयासारख्या किंवा दौंडच्या कटारिया महाविद्यालयासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या संस्थांचे महत्त्व या व्यवस्थेत मोठे होते, कारण गावाजवळ राहून मिळवलेले गुण थेट प्रवेशाच्या यादीत मोजले जात. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली, जागा वाढल्या, निरनिराळ्या मंडळांचे गुण एकमेकांशी ताडून पाहण्याची अडचणही वाढली आणि या शतकाच्या आरंभी सामाईक प्रवेश परीक्षेने, म्हणजे सीईटीने, बारावीच्या गुणांची जागा घेतली.

निवड परीक्षा ही गोष्ट मात्र ग्रामीण भागाला अगदीच अपरिचित नव्हती. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून उभ्या राहिलेल्या जवाहर नवोदय विद्यालयांपैकी पुणे जिल्ह्याचे विद्यालय शिरूर तालुक्यातील पिंपळे जगताप येथे आहे. तेथे सहावीत प्रवेश देणारी परीक्षा विद्यार्थ्याला एकदाच देता येते. परंतु तिच्या निकालात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि स्पर्धा जिल्ह्यापुरती मर्यादित राहते. परीक्षा ग्रामीण मुलाला न्याय देते की नाही, हे प्रश्नपत्रिकेइतकेच तिच्याभोवती कोणती चौकट घातली आहे यावरही अवलंबून असते, हे या उदाहरणावरून दिसते.

अभियांत्रिकीच्या प्रवेशात अशी चौकट फार काळ स्थिर राहिली नाही. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत राज्याने अभियांत्रिकीसाठी स्वतःची सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन आणि बारावी यांच्या गुणांना निम्मे-निम्मे वजन दिले, आणि २०१६ मध्ये पुन्हा राज्याची सीईटी आणली. त्यानंतर बारावीचे गुण पात्रतेपुरते उरले: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के व राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण असले की गुणवत्ता यादी सीईटीवरच लागते. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर आणि अनेक सत्रांत होऊ लागल्याने निकाल शतमानात, म्हणजे पर्सेंटाइलमध्ये, दिला जातो. एखाद्या सत्रात २०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १९,००० जणांचे गुण एखाद्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी असले, तर त्याचे शतमान ९५ ठरते. याचा अर्थ ९५ टक्के गुण असा नव्हे, ही गोष्ट पालकांना समजावून सांगण्याचे काम आजही महाविद्यालयांतील शिक्षकांकडे येते.

गुण सादर करावेत की नाही हा निर्णय विद्यार्थ्यावर सोपवण्याचा प्रयत्न राज्यात २०२१ मध्ये झाला. करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली, नववीच्या निकालाला ५० आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ५० गुण धरून निकाल लावला गेला आणि तो ९९.९५ टक्के लागला. एवढ्या मोठ्या संख्येने उत्तीर्ण झालेल्या मुलांना अकरावीत कसे बसवायचे, हा प्रश्न होता. २८ मे २०२१ च्या शासन निर्णयाने इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांची प्रत्येकी २५ गुणांची ऐच्छिक सीईटी जाहीर केली: ती देणाऱ्यांना प्रवेशात प्राधान्य आणि न देणाऱ्यांना उरलेल्या जागा, असा नियम होता. परीक्षा नावापुरतीच ऐच्छिक होती, कारण ती टाळणाऱ्याला मागच्या रांगेत उभे राहावे लागणार होते. पुण्याच्या नामांकित महाविद्यालयाची आस असलेल्या शिरूर-दौंडच्या मुलाला ती देण्यावाचून गत्यंतर नव्हते. गावातच शिकू पाहणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नव्हता, कारण अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया तेव्हा मोठ्या शहरांपुरती होती आणि ती राज्यभर लागू झाली २०२५ मध्ये. शिवाय परीक्षेचा अभ्यासक्रम राज्य मंडळाचा असल्याने इतर मंडळांच्या मुलांवर अन्याय होत होता. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी तो शासन निर्णय रद्द केला.

अमेरिकेत याच प्रश्नाची वाट वेगळी होती. सॅट ही प्रवेश परीक्षा १९२६ मध्ये सुरू झाली, बोडन महाविद्यालयाने १९६९ मध्ये तिचे गुण देणे ऐच्छिक केले आणि करोनाकाळात शेकडो संस्थांनी तेच केले. पुढे एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथने २०२४ मध्ये गुण पुन्हा सक्तीचे केले. डार्टमथचे म्हणणे असे होते की, वंचित शाळांतील अनेक मुले आपले गुण कमी समजून लपवतात, जे दाखवले असते तर त्यांच्या उपयोगी पडले असते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यासमोर आज मर्यादित स्वरूपाचा पर्याय आहे. राज्याच्या जागांसाठी सीईटी लागते, खाजगी महाविद्यालयांतील अखिल भारतीय जागांसाठी जेईई मेनचे गुण नोंदवता येतात. २०२६ पासून सीईटीची दुसरी संधी ऐच्छिक ठेवून दोन्हींपैकी चांगले शतमान धरण्याचे धोरणही जाहीर झाले आहे. चांगले गुण निवडण्याची ही मुभा स्वागतार्ह आहे, पण दुसऱ्या परीक्षेचे शुल्क, प्रवास आणि तयारी ज्याला परवडते त्याला ती अधिक लाभते. म्हणून कोणते गुण मोजले जातील हे अकरावीच्या आरंभीच जाहीर व्हावे, पुढील दोन वर्षे त्यात बदल होऊ नये आणि प्रत्येक तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयात शतमानाचे गणित व अर्जाचे पर्याय समजावून सांगणारा शिक्षक नेमला जावा. एवढे झाले, तरच शिरूर किंवा दौंडच्या विद्यार्थ्याने गुणांबाबत घेतलेला निर्णय खरोखर त्याचा स्वतःचा असेल.